दोघांचं एकच चुकीचं उत्तर

"बरोबर उत्तर दहा जणांचं सारखं येऊ शकतं. चुकीचं उत्तर सारखं आलं, की एकाने दुसऱ्याच्या वहीत डोकावलेलं असतं. शाळेत मी कॉपीवाले असेच पकडायचो," भावोजी म्हणाले आणि समोर बसलेल्या मुलीचा चेहरा पार उतरला.

बाईंनी दिराकडे एकदाच पाहिलं. भावोजींनी निमूटपणे चहाचा कप तोंडाला लावला.

बाई विमा कंपनीत तीस वर्षं खोटे दावे हुडकून निवृत्त झाल्या होत्या आणि आता लोकांची खासगी कोडी सोडवत होत्या. भावोजी त्यांचे धाकटे दीर, निवृत्त पी.टी. मास्तर. तपासात त्यांचा नेमका उपयोग काय, हे बाईंनाही सांगता आलं नसतं. पण ते बरोबर नसले की बाईंना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

"पहिल्यापासून सांग," बाई मुलीला म्हणाल्या.

मुलगी अठ्ठावीस वर्षांची होती, आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. तिच्या वडिलांना सगळे कोशकाका म्हणत. सिनेमा आणि खेळ, या दोन विषयांतलं त्यांना माहीत नाही असं काही नव्हतं. प्रश्नमंडळाच्या वार्षिक प्रश्नमंजुषेचे सगळे प्रश्न एकवीस वर्षं ते एकटे काढत होते. तेरा दिवसांपूर्वी ते वारले. अंतिम फेरी परवा झाली, त्यांनीच आजारपणात काढलेल्या प्रश्नांवर.

"एकवीस वर्षांत बाबांचा एक प्रश्न फुटला नाही, की एक प्रश्न पुन्हा आला नाही," ती म्हणाली. "आणि आता उद्या संध्याकाळी मंडळाची सभा आहे. बाबांनी पेपर फोडला असा ठराव होणार. पेपरात छापून येणार. उत्तर द्यायला ते नाहीत."

"फोडला कोणासाठी?"

"घड्याळजींसाठी. घड्याळं दुरुस्त करतात ते. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. बावीस वर्षांपूर्वी काहीतरी बिनसलं आणि येणं-जाणं, बोलणं, सगळं बंद झालं. मी सहा वर्षांची होते तेव्हा."

अंतिम फेरीत घड्याळजी आणि एक क्रीडापत्रकार बाई समोरासमोर होते. शेवटचा प्रश्न होता: पन्नास वर्षांपूर्वीच्या कामगार चषकाच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल कोणी केला?

"हे तर शेंबडं पोरही सांगेल," भावोजींना राहवलं नाही. "तो सेंटर फॉरवर्ड! त्या एका गोलावर तर तो पुढे सिनेमात हीरो झाला."

"घड्याळजींनी उत्तर दिलं, जिंकलेल्या संघाचा गोलकीपर. सभागृहात हशा पिकला. पण बाबांच्या कार्डावर तेच उत्तर होतं."

भावोजींनी कप खाली ठेवला.

"कार्ड लिहिलं कोणी?" बाईंनी विचारलं.

"मीच. शेवटी हॉस्पिटलात बाबांचा हात चालत नव्हता. शेवटची दहा कार्डं त्यांनी मला सांगून लिहून घेतली. त्यातलं अगदी शेवटचं ते रोज उद्यावर ढकलत होते. मग एका संध्याकाळी म्हणाले, आज लिहू. कार्डावर तारीख आणि वेळ घालायची त्यांची पद्धत होती. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेपाचला चिटणीस आले, माझ्यादेखत लिफाफा बंद केला आणि घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले."

"त्या संध्याकाळी खोलीत कोण आलं होतं?"

"चारपासून चिटणीस येईपर्यंत कोणीच नाही. पण मजल्यावरच्या भेटीच्या वहीत घड्याळजींचं नाव आहे, चार ते सहा. मी काहीही सांगितलं तरी मी त्यांचीच मुलगी ना. माझं कोण ऐकणार?"

"बाबांचा आवाज बाहेर जाईल इतका होता का?"

"ओठांना कान लावावा लागायचा." तिचे डोळे भरून आले. "माझे बाबा लबाड नव्हते हो."

---

प्रश्नमंडळाची खोली म्हणजे दोन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि भिंतभर विजेत्यांचे फोटो. चिटणीस कडक इस्त्रीतले गृहस्थ होते. त्यांनी लिफाफा बाईंपुढे ठेवला.

"माझी सही तोंडावर आहे. किल्ली माझ्याच खिशात. निवेदिकेने तीनशे लोकांसमोर मंचावर कात्रीने कापला. इथून काही फुटलेलं नाही, हे मी छातीठोक सांगतो."

बाईंनी लिफाफा उजेडात धरून चारही कडा पाहिल्या. कात्रीने फक्त एक बाजू कापली होती. सही जिथे कागदावरून चिकटपट्टीवर जात होती, तिथे रेघ कुठेही तुटलेली नव्हती.

मग त्यांनी कार्डं घेतली. पुढे प्रश्न, मागे उत्तर आणि त्याखाली दोन आधार. कोणतं वर्तमानपत्र, कोणती तारीख, कोणत्या वार्षिकाचं कितवं पान.

"दोन आधार कशाला?"

"कोशकाकांचा नियम. एका आधारावर प्रश्न विचारायचाच नाही."

शेवटच्या कार्डामागे मुलीच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं: 'आधार एक: डोळ्यांनी पाहिलं. आधार दोन:' पुढे जागा मोकळी होती.

"आजारी माणूस. भान राहिलं नसेल," चिटणीस म्हणाले.

"याच्या आधीची नऊ कार्डंही त्याच आठवड्यातली आहेत. त्यांवर पानाचा आकडासुद्धा चुकलेला नाही."

चिटणिसांनी खांदे उडवले. "मला एवढंच माहीत आहे, की मी साडेपाचला गेलो तेव्हा तो घड्याळवाला बाहेर बाकावर बसला होता. मला बघून मान फिरवली. सरळ मनाचा माणूस मान कशाला फिरवेल?"

एवढ्यात कपाटाशी जुनी प्रश्नवही चाळत बसलेले भावोजी ओरडले, "अहो वहिनी, हा प्रश्न आधी येऊन गेलाय की! बावीस वर्षांपूर्वीची अंतिम फेरी, शेवटचा प्रश्न. तोच कामगार चषक!"

"शक्यच नाही," म्हणत चिटणिसांनी वही ओढली. मग त्यांनीच वाचलं. "उत्तर: सेंटर फॉरवर्ड. उत्तर देणारे: कोशकाका. विजेती जोडी: कोशकाका आणि... घड्याळजी." ते थबकले. "मी मंडळात दहा वर्षांपूर्वी आलो. हे मला ठाऊक नव्हतं."

"शेरा आहे खाली," भावोजी म्हणाले. "'चषक घेताना जोडीदार मंचावर उपस्थित नव्हता.'"

"म्हणजे म्हातारपणी काका विसरले, आपणच दिलेलं उत्तर," चिटणीस म्हणाले.

बाईंनी कार्डावरची ती मोकळी जागा पुन्हा एकदा पाहिली.

---

निवेदिका रेडिओवर बातम्या वाचायची. दोन बातमीपत्रांच्या मधल्या दहा मिनिटांत ती भेटली.

"प्रश्न वाचून होताच दोघांचेही हात बझरकडे गेले. घड्याळजींनी आधी दाबला. उत्तर दिलं आणि मी कार्ड उलटेपर्यंत गळ्यातला माईक काढून पायऱ्या उतरायलाही लागले. निकाल ऐकायचीसुद्धा गरज वाटली नाही त्यांना! इतकी घमेंड मी पाहिली नाही."

"निकाल ऐकल्यावर काय केलं?"

"मधल्या पायरीवरच खाली बसले. चषक घ्यायला वर आलेच नाहीत. हाक मारली तरी बसूनच."

क्रीडापत्रकार बाई फटकळ होती. वर्तमानपत्राच्या कचेरीत तिच्या टेबलावर जुन्या वार्षिकांचा ढीग होता.

"हरण्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण सगळी पुस्तकं सेंटर फॉरवर्ड म्हणतात. तक्रार मीच केली आणि पुन्हा करीन. मला खरा राग आला तो त्यांच्या टोमण्याचा. उत्तर देऊन झाल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाले, 'अभिनंदन, पोरी.' चषक स्वतः नेणार आणि वर माझं अभिनंदन!"

"हे निकालाआधी की नंतर?"

"आधी. लगेच."

"त्यांचं उत्तर चुकलं असतं तर?"

"ते पाच गुणांनी पुढे होते. चुकीला दहा वजा. मी जिंकले असते."

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "माणूस भारीच आगाऊ दिसतो, वहिनी."

"भावोजी, तुम्ही इतकी वर्षं पोरांच्या शर्यती लावल्यात. स्पर्धा संपली की समोरच्याचा हात धरून अभिनंदन कोण म्हणतं?"



---

घड्याळजींचं दुकान एका माणसाला पुरेल एवढंच होतं. डोळ्याला भिंग लावून ते एका उघड्या घड्याळावर वाकले होते. दाढी पांढरीशुभ्र, हात मात्र स्थिर.

"मी कार्ड पाहिलं नाही. मी त्याला भेटलो नाही," त्यांनी वर न बघता सांगितलं.

"मग गोलकीपर का म्हणालात?"

"तोंडात आलं."

"बावीस वर्षांपूर्वी तुमचं कशावरून बिनसलं?"

घड्याळजींनी भिंग काढून ठेवलं. "तो गेला, बाई. गेलेल्या माणसाबद्दल मी काही बोलणार नाही. माझं नाव काढायचं तर खुशाल काढा."

"तुमच्यासोबत त्यांचंही नाव जातंय. त्यांच्या मुलीने मला पाठवलंय."

ते हलले, हे दोघांनाही दिसलं. पण त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

त्यांच्या पाठीमागे भिंतीवर वर्तमानपत्रातला एक पिवळा पडलेला फोटो काचेत लावला होता. खाली 'कामगार चषक' असं छापलेलं. चेंडू जाळ्यात होता, शेजारी सेंटर फॉरवर्ड दोन्ही हात वर करून उभा होता. जाळ्यामागच्या भिंतीवर दहा-बारा वर्षांची दोन मुलं बसली होती.

"पोरांचं लक्षच नाही बघा," भावोजी फोटोजवळ जाऊन म्हणाले. "गोल पुढ्यात झालाय आणि बोटं दाखवतायत मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला."

बाईंनी फोटो खूप वेळ पाहिला. घरी परतल्यावर त्यांनी मुलीला फोन लावून एकच विचारलं. उत्तर मिळालं, "हो, असं एक कात्रण बाबांच्या पाकिटात होतं. घडीवर फाटलंय. तुम्हाला कसं कळलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हॉस्पिटलात गेल्या. त्या मजल्यावरच्या मावशींचं टेबल कोशकाकांच्या खोलीच्या बरोबर समोर होतं.

"ते पांढऱ्या दाढीचे आजोबा ना? चारला आले, सहाला गेले," मावशी म्हणाल्या. "दोनदा उठले. दारापर्यंत गेले, कडीला हात लावला आणि परत येऊन बसले. मी म्हटलं, जा की आत. तर म्हणाले, झोपला असेल. मी जागची हलले नव्हते, बाई. आत काही ते गेले नाहीत."

---

संध्याकाळी मंडळाच्या टेबलाभोवती पाच माणसं बसली: चिटणीस, निवेदिका, क्रीडापत्रकार, कोशकाकांची मुलगी आणि अगदी टोकाला घड्याळजी. बाई उभ्याच होत्या. भावोजी दाराशी.

"आधी कार्डाचं बघू," बाई म्हणाल्या. "पाच दहाच्या आधी ते कार्ड नव्हतंच. साडेपाचला ते लिफाफ्यात बंद झालं. मधली वीस मिनिटं ते खोलीत होतं आणि घड्याळजी दाराबाहेर. मावशी दोन तास समोर बसल्या होत्या. त्यांचं कोणाशी नातं नाही. आतला आवाज मुलीला कान लावून ऐकावा लागत होता, तो बाहेर काय ऐकू येणार? पुढे लिफाफा कोणी उघडला नाही, याची खात्री चिटणिसांनीच दिली आहे. म्हणजे कार्ड घड्याळजींनी पाहिलेलं नाही."

"मग उत्तर जुळलं कसं?" चिटणीस म्हणाले.

"त्याआधी दुसरं सांगते. उत्तर देऊन घड्याळजींनी यांचा हात धरला आणि अभिनंदन म्हटलं. माईक काढला, मंच उतरायला लागले. तुम्हाला कोणाला ती घमेंड वाटली, कोणाला टोमणा. अहो, हरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं! उत्तर बरोबर ठरलं हे ऐकून ते पायरीवर खाली बसले. पेपर फोडणाऱ्याला आपण जिंकणार हे माहीत असतं. यांना आपण हरणार हे माहीत होतं."

पत्रकार बाईच्या कपाळाला आठी पडली. "पाच गुणांनी पुढे असताना? पुस्तकातलं उत्तर त्यांना येत नव्हतं का?"

"येत होतं. बावीस वर्षांपूर्वी याच प्रश्नावर त्यांची जोडी जिंकली होती. तरी त्यांनी ते दिलं नाही. कारण ते खोटं आहे."

"बाई, नको," घड्याळजी एकदम म्हणाले.

"कोशकाकांनी स्वतः कार्डावर लिहून ठेवलंय. तुम्ही आता लपवून कोणाला वाचवताय?" बाईंचा आवाज मऊ झाला. "तुमच्या दुकानात एक फोटो आहे. तोच कोशकाकांच्या पाकिटात होता. दोन माणसं पन्नास वर्षं एकच कात्रण जपतात, कारण त्या भिंतीवर तीच दोघं बसलेली आहेत. गोल झाल्यावर सगळं मैदान सेंटर फॉरवर्डकडे बघतंय आणि ही दोन मुलं दुसऱ्या टोकाला बोट दाखवतायत. तिथे कोण असतं, भावोजी?"

"गोलकीपर," भावोजी पुटपुटले. "त्याच्या बाजूचा गोलकीपर."

घड्याळजींनी डोळे मिटले. मग एकदाचे बोलले.

"वारा होता त्या दिवशी. त्याने आपल्या टोकाकडून लांब किक मारली. चेंडू एक टप्पा घेऊन थेट जाळ्यात. तो हीरो नुसता मागून धावत आला आणि हात वर केले. त्याचा पाय लागला नाही. आम्ही चार हातांवर होतो. पंचांनी गोल त्याच्या नावावर मांडला, पेपरांनी छापला. गोलकीपर गोदीत हमाली करायचा. रविवारी आम्ही त्याच्याकडे जायचो. म्हणायचा, तुम्ही दोघं तरी आहात ना साक्षीला."

"आणि बावीस वर्षांपूर्वी?" बाईंनी विचारलं.

"आमची जोडी होती. शेवटचा प्रश्न हाच आला. मी म्हणालो, खरं सांगू. तो गोलकीपर मीच बोलावलेला, शेवटच्या रांगेत बसला होता. कोशाने पुस्तकातलं उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. म्हातारा उठून निघून गेला. मी त्याच्यामागे गेलो. पुढच्याच वर्षी तो वारला. मी कोशाला म्हटलं होतं, एका चषकासाठी तू माणूस विकलास. त्यानंतर आम्ही बोललो नाही."

मुलीने ओठ घट्ट मिटले होते. तिचे बाबा तिला हवे तितके निर्मळ नव्हते, हे तिने सगळ्यांसमोर ऐकून घेतलं.

"कोशकाकांनी एकवीस वर्षांत एकही प्रश्न पुन्हा विचारला नाही," बाई तिच्याकडे वळून म्हणाल्या. "हाच विचारला आणि उत्तर बदललं. ते विसरले नव्हते. अंतिम फेरीत समोर कोण बसणार, हे त्यांना महिनाभर आधी कळलेलं होतं. त्यांचा नियम दोन आधारांचा. पहिला त्यांनी लिहिला: डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्याची जागा का सोडली, ते तुला काही म्हणाले होते?"

"म्हणाले, मोकळी ठेव. तो स्वतः सांगेल." ती हुंदका आवरत म्हणाली. "मला वाटलं, तापात बोलतायत."

"जगात ते उत्तर सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता. तो अजून तेच सांगेल, अशी त्यांना आशा होती. ठाऊक नव्हतं. ही त्यांची माफी होती."

मग पत्रकार बाईने आपला तक्रारअर्ज चिटणिसांच्या हातून घेतला आणि पर्समध्ये घातला. चिटणिसांनी चष्मा काढून विनाकारण पुसला. "ठराव रद्द," ते म्हणाले. "चषक तुमचाच, घड्याळजी. आणि माझं चुकलं."

घड्याळजींनी चषकाकडे पाहिलंही नाही. ते मुलीकडे बघत होते.

"पाच दहाला तो बोलत होता?"

"हो, काका." बावीस वर्षांनी तिने त्यांना काका म्हटलं. "हळू, पण नीट बोलत होते."

"मला वाटलं, झोपलाय. दाराला काच नव्हती. म्हटलं, उद्या सकाळी येऊ."

ती उठून त्यांच्याजवळ गेली आणि खुर्चीशेजारी उकिडवी बसली. "कार्ड झाल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, बाहेर कोणी आलंय का. मी लिफाफा शोधत होते. न बघताच मी 'नाही' म्हणाले. मी नुसतं दार उघडलं असतं तरी..."

"नाही गं," घड्याळजी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "तुला काय माहीत? तू कशाला बघणार? मीच आत जायला हवं होतं."

'तसं नाही' असं त्यांना कोणीच म्हटलं नाही.